खांबापाशी विचार करायचा नाही

लाइल व्हॅन एटनने छत्तीस वर्षं आमच्या गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला. कुठला रस्ता कुठे खचतो, कुठल्या वळणावर दुपारपर्यंत ऊन पोचत नाही, कुणाचा कुत्रा गाडीमागे धावतो आणि कुणाचा नुसता भुंकतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर माणसं मासे धरतात, नाहीतर बायकोच्या पायात पायात येतात. लाइल मोटारसायकलींच्या सहली आखायला लागला. दर सप्टेंबरात चार दिवस, द्राक्षांची काढणी चालू असताना, आमच्या लांबट तळ्यांच्या काठाकाठाने. लाइल धरून आम्ही दहाजण, सगळे साठीच्या आगेमागे. मी त्यात एकटीच बाई. नाव नोरीन. अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, त्यामुळे माझ्याशी कुणी फार बडबड करत नाही.

सहल सप्टेंबरात असली तरी ती सुरू व्हायची जानेवारीत, लाइलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत नकाशा पसरलेला. तो नकाशावर दोरा ठेवून मैल मोजायचा. त्याचे नियम ठरलेले होते. दिवसाला एकशेतीस मैलांच्या वर जायचं नाही. तळं कायम उजव्या हाताला ठेवायचं; आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे कुठेही थांबताना समोरून येणारी रहदारी ओलांडावी लागत नाही. वाईनचा घोट गाड्या मुक्कामाला लागल्यावरच. वाटेतल्या नेपल्स गावात द्राक्षं भरून भाजलेला गोड 'पाय' खायला थांबायचं, पण एकेकच तुकडा, कारण पोटभर खाल्लेला माणूस वळणावर झोपतो. मग तो जाड कागदाच्या चिठ्ठ्या लिहायचा, दिवसाला एक, आणि ती चिठ्ठी पेट्रोलच्या टाकीवर चिकटवून तो पुढे निघायचा. त्याने लिहिलेलं कुणी तपासत नसे. चर्चमधल्या पाद्र्याचं आम्ही तपासायचो, लाइलचं नाही.

पुढे लाइल आणि सगळ्यात मागे मी, शेपूट. मधल्यांनी एकमेकांना नजरेत ठेवायची गरज नव्हती, कारण आमच्यात खांबाची पद्धत होती. वळण आलं की लाइल बोटाने खूण करायचा आणि त्याच्या लगेच मागचा माणूस तिथेच नाक्यावर थांबायचा. तो खांब. हात लांब करून वाट दाखवत उभं राहायचं. सगळे निघून गेले आणि शेवटी मी येऊन मान हलवली की तो सुटला. पाऊस असो, लघवीला लागलेली असो, मी येईपर्यंत खांबाने हलायचं नाही. आणि येणाऱ्यांसाठी नियम एकच होता, तो लाइल दरवर्षी पहिल्या सकाळी म्हणायचा: "खांबापाशी विचार करायचा नाही. हात दिसेल तिकडे वळायचं."

तीन वर्षांपूर्वी कर्टिस बोयल नावाचा एक दंतवैद्य निवृत्त होऊन रॉचेस्टरहून आमच्याकडे राहायला आला आणि ताफ्यात शिरला. नवी जर्मन गाडी, हँडलवर रस्ता सांगणारा पडदा. पहिल्याच वर्षी लाइलने त्याला खांब केलं, तर हा पाच मिनिटं उभा राहिला आणि कंटाळून निघून गेला. पडद्यावर रस्ता दिसतोय की सगळ्यांना, म्हणे. मागचे आम्ही चारजण तळ्याच्या भलत्याच काठाला लागलो. संध्याकाळी लाइलने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"डॉक्टर, दात उपटताना पेशंट मधेच उठून गेला तर?"

"नाही जात कुणी."

"का? तोंड उघडं टाकून तुझ्यावर भरवसा ठेवतो म्हणून. तसंच हे."

कर्टिस कानकोंडा झाला, पण माणूस मनाचा मोठा होता. त्यानंतर आमच्यात त्याच्याइतका पक्का खांब दुसरा नव्हता. एकदा गारांच्या पावसात चाळीस मिनिटं उभा राहिला. विचार न करायला त्याला लाइलनेच शिकवलं.

ह्या जानेवारीत दोऱ्याने मैल मोजता मोजता लाइल म्हणाला, "दोन नंबरला रेमंडला ठेवू." रेमंड आमच्या ताफ्यातला जुना गडी, आणि त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "ठेव, पण तो वेग जरा कमी ठेवेल." लाइल हसला, मीही हसले. जुनी सवय, असं मी म्हटलं. घरी येताना मात्र मनात पाल चुकचुकली आणि मी ती हाकलून दिली.

एप्रिलमध्ये चिठ्ठ्या तयार झाल्या. तिसऱ्या दिवसाची मी हातात घेतली. त्यावर त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: टॅनरी रोडला उजवीकडे, उतारावरून पुलावर, पलीकडे तळ्याकाठी. टॅनरी रोडचा पूल अकरा वर्षांपूर्वी जुलैच्या पुरात वाहून गेला. परत बांधलाच नाही. उताराच्या तळाशी, शेवटच्या वळणाआड, सिमेंटचे चार ठोकळे ठेवले आहेत. ते क्रेनने उतरवून घेणारा माणूस लाइलच होता. मी तेव्हा बस वळवताना त्याला पाहिलं होतं.

"लाइल, हा पूल?"

"काय झालं पुलाला?"

त्याच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. बाजूच्या गावची बातमी विचारावी तसं. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं आणि तो घाईघाईने म्हणाला, "अगं, परीक्षा घेत होतो तुझी. शेपटीचं लक्ष आहे का बघावं म्हटलं."

मी ते मानून घेतलं. मला ते मानायचं होतं. लाइल नसता तर ह्या बाकीच्या आठ माणसांतलं एकही माझ्या दारात आलं नसतं, आणि मी काही स्वभावाने गोड बाई नाही. सहल म्हणजे माझं वर्ष होतं.

सहलीच्या आधी आम्ही दोघं सगळा रस्ता एकदा तपासून यायचो. ऑगस्टच्या शेवटी निघालो. पहिले दोन दिवस लाइल असा चालवत होता की वाटलं, मीच वेडी. तिसऱ्या दिवशी टॅनरी रोडचा नाका आला. ही वाट फिरून आमच्या गावाजवळूनच जाते, आणि लाइलच्या घरापासून तो नाका दीडएक मैल असेल. चिठ्ठी आम्ही दुरुस्त केली होती, तिच्यावर स्पष्ट 'सरळ' लिहिलं होतं. लाइलने उजवीकडचा दिवा लावला आणि उतारावर गेला.

मी हॉर्न दाबून धरला. त्याला वाटलं असेल, मी खुशीत आहे. त्याने हात हलवला. दोन्ही बाजूंनी द्राक्षांच्या रांगा, अजून आंबट. पाखरं हाकलायला मळ्यात गॅसच्या तोफा लावतात, त्या ठरावीक वेळाने धाड धाड वाजत होत्या. मी वळणाआड पोचले तेव्हा तो ठोकळ्यांपासून दहा पावलांवर थांबला होता, गाडी अजून चालूच. पलीकडे नुसती हवा, आणि खूप खाली ओढा.

त्याने हेल्मेट काढलं. "हे कुणी आणून टाकले इथे?"

तो उतरला, एका ठोकळ्यावर हात ठेवला, आणि हाताला कळलं असावं. तिथेच बसला.

"मला ठाऊकच नाही असं समजू नकोस," तो म्हणाला. "नाताळापासून ठाऊक आहे."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं. त्याने घड्याळाचं चित्र काढायला लावलं. काढलं मी. काटे बाहेर आले वर्तुळाच्या." तो जरा हसला. "नोरीन, ताफ्यातल्या पोरांना सांगू नकोस. म्हातारा झाला म्हणू देत. येडा झाला असं म्हणायला नको."

"तू पुढे राहणार नसशील तर नाही सांगणार."

"बरं. मग काय सांगशील?"

"गुडघा दुखतोय."

"कुठला?"

"डावा."

"उजवा सांग. डावा खरंच दुखतो, त्याचं कुणाला कौतुक नाही."

आम्ही दोघंही हसलो, त्या भोकाच्या काठावर बसून. मला त्या हसण्याची आता शिसारी येते.

त्याची बायको व्हर्ना हिला सगळं आधीच माहीत होतं. तिने शेगडीची बटणं काढून खिशात ठेवायला सुरुवात केली होती. मोटारसायकलची किल्ली तिने पिठाच्या डब्यात पुरली आणि हात झटकत मला म्हणाली, "गाडीचं मी बघते. पण कर्टिसला तरी खरं सांग. आता पुढे तोच राहणार ना?"

"कर्टिसला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं."

"तो तसा नाही."

"व्हर्ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. लाइलला मी शब्द दिलाय."

"मूठ झाकली म्हणून बघणारा आंधळा होतो का गं?" एवढंच ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली. मला राग आला. तिला नवऱ्याची लाज राखता येत नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला स्वतःच्या शहाणपणाचा थोडा गर्वच झाला होता.

पुढच्या बुधवारी नाश्त्याला लाइलखेरीज सगळे जमले, तेव्हा अंडी आणि बटाटे येईपर्यंत मी गुडघ्याचं सांगून टाकलं. उजवा. कुणी कुत्सित बोललं, "बर्फ ढकलताना तर कधी दुखला नाही." दुसऱ्याने म्हटलं, "व्हर्नाने मोडला असेल." पुढे राहायला कर्टिस तयार झाला, पण एका अटीवर. पडदा बंद ठेवणार आणि लाइलच्याच चिठ्ठ्या लावणार.

त्याच संध्याकाळी तो चिठ्ठ्या आणायला लाइलकडे गेला. मी सोबत गेले, पहारा द्यायला. नेमका तो दिवस लाइलचा चांगला निघाला. त्याने कर्टिसला दोन तास सगळा रस्ता समजावला. कुठे घोड्यांच्या बग्ग्या रस्त्याच्या मधोमध येतात, कुठे द्राक्षांच्या ट्रॉल्यांतून रस सांडतो आणि वळण साबणासारखं होतं, तिथे ब्रेकला हात लावायचा नाही. एकही चूक नाही. निघताना कर्टिस अंगणात मला म्हणाला, "काय डोकं आहे ह्या माणसाचं. गुडघ्याने घात केला, नाहीतर अजून दहा वर्षं पुढे राहिला असता."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. अंगणात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "हो ना."

सहल निघाली. दोन दिवस सुरळीत गेले, इतके की मला भीती वाटायला लागली. हवा दमट होती, तळ्यावर वारा नव्हता, आणि सगळीकडे पिकलेल्या द्राक्षांचा वास, गोड आणि जरा सडका. मळ्यातल्या तोफा सकाळपासून वाजायच्या. प्रत्येक धाडला माझे खांदे आवळायचे. दुसऱ्या रात्री मुक्कामावर मी व्हर्नाला फोन केला. ती म्हणाली, "शांत आहे. तुमच्याच चिठ्ठीची नक्कल घेऊन बसलाय. आज कुठे असाल, उद्या कुठे असाल, घड्याळ बघून सांगतो." मला ते ऐकून बरं वाटलं. एवढी मी मूर्ख.

तिसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला आम्ही टॅनरी रोडच्या नाक्याकडे येत होतो. वाटेत एक द्राक्षांची ट्रॉली शेतातून बाहेर आली, बाकीचे तिच्या पुढे निसटले आणि मी मागे अडकले. पाच मिनिटं असतील. ट्रॉली एका वायनरीच्या फाटकात वळली आणि मला नाका दिसला.

नाक्यावर लाइल उभा होता.

अंगात रस्ते खात्याचं जुनं नारिंगी जाकीट, डोक्यावर हेल्मेट. मोटारसायकल नाही. दीड मैल चालत आला होता. पाठ ताठ, उजवा हात लांब केलेला, टॅनरी रोडच्या उताराकडे. इतका सुरेख खांब मी कधी पाहिला नाही.

मी थांबले. तो शिस्तीत म्हणाला, "आठ गेले. तू नववी."

मान हलवायचं सोडून मी गाडी उतारावर सोडली. खाली ओळीने दिवे दिसले, लाल. सात गाड्या वेड्यावाकड्या उभ्या. शेवटच्या वळणावर रस्ता ओला होता, काळपट, सालींनी भरलेला. त्यातून घसरल्याचा एक लांब पट्टा ठोकळ्यांपर्यंत गेला होता. कर्टिसची गाडी ठोकळ्याच्या पायथ्याशी होती आणि कर्टिस गाडीखाली. तिघांनी ती उचलून धरली होती. एकजण फोनवर पत्ता सांगत होता आणि त्याला रस्त्याचं नाव आठवत नव्हतं. ते मी सांगितलं.

मी कर्टिसच्या डोक्याशी बसले. तो शुद्धीवर होता. चेहरा कागदासारखा.

"चिठ्ठीत सरळ होतं," तो म्हणाला. "पण लाइल उभा होता ना. म्हटलं, पुढे रस्ता बंद असेल, सांगायला आला असेल बिचारा. दुखऱ्या गुडघ्याने."

"बोलू नकोस."

"मी विचार नाही केला, नोरीन."

तो तक्रार करत नव्हता. नियम पाळल्याचं सांगत होता. धाड, धाड, तोफा वाजत होत्या आणि प्रत्येक आवाजाला तो डोळे मिटायचा. मी त्याचा हात धरला होता. त्याला खरं सांगायला माझी जीभ तेव्हाही उचलली नाही.

अँब्युलन्स लवकर आली. चालकाने दार उघडता उघडता म्हटलं, "वर एक म्हातारा उभा आहे, त्याने बरोबर वाट दाखवली." कर्टिस वाचला. मांडी दोन ठिकाणी आणि कंबर एका ठिकाणी मोडली होती. आता काठ्या घेऊन चालतो, गाडीवर परत बसणार नाही. हॉस्पिटलात मी त्याला सगळं सांगितलं, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. पण ते नंतरचं.

त्या दिवशी अँब्युलन्स गेल्यावर बाकीचे ठोकळ्यांवर बसून राहिले. एकाने मला विचारलं, "नुसता गुडघाच ना गं त्याचा?" मी गाडी वळवली आणि वर गेले.

दोन तास होत आले होते. लाइल तसाच उभा होता. हात खाली येऊ नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताने कोपर धरून ठेवलं होतं. मी त्याला सोडलंच नव्हतं. शेपटीने मान हलवली नव्हती, मग खांब कसा हलणार?

मी गाडी बंद केली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मान हलवली. त्याने हात खाली घेतला आणि दंड चोळला.

"सगळे पोचले?"

"नाही. कर्टिस पडला. जबर लागलंय."

"कुठे?"

"खाली. पूल नाहीय तिथे, लाइल. अकरा वर्षं झाली."

त्याने उताराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखत होते. पहिल्या वर्षी कर्टिसला उभं केलं होतं तेव्हाचा चेहरा. पूर्ण शुद्धीतला, संतापलेला, आमच्या लाइलचा.

"पूल नाही, आणि माणसं त्या रस्त्याला लावली?" तो म्हणाला. "खांब कोण होतं?"

जाकीट त्याच्या अंगात होतं. दंड अजून तो चोळत होता. मी त्याच्याकडे बघितलं, आणि सबंध वर्षात पहिल्यांदा मला खरं बोलायचं होतं.

"मी," म्हणाले.

"तुझ्या भरवशावर सोडली होती गं मी ती माणसं," तो म्हणाला. "आता तुला कुठेच उभं करणार नाही."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं, आणि त्याला घरी न्यायला त्याचा हात धरला.